स्लाइड चौदा

मेसमधला टीव्ही प्रेझेंटेशन ओळखत नाही.
पेन ड्राइव्ह खोचला की तो फक्त चित्रं मागतो,
तीही हलकी. पाचशे केबीच्या वर गेलं
की निळा पडतो, आणि गप्प.
म्हणून खमीस म्हणाला, एकतीस स्लाइड आहेत,
सगळ्यांच्या जेपीजी कर, गुरुवारपर्यंत.

सोहार बंदर, जुलै. साडेबाराला काम बंद,
साडेतीनपर्यंत उन्हात माणूस दिसता कामा नये असा कायदा.
मी पोर्टाकॅबिनमध्ये एसीखाली, अंगात स्वेटर,
उष्माघाताची फाइल उघडून बसलेला.

आधी बाण गेले.
सापळ्यांनी हौसेने बसवलेले, क्लिक केलं की एकेक येणारे:
डोकं दुखतं,
मग घाम थांबतो,
मग बोलणं अडखळतं.
चित्रात सगळं एकदम आलं.
डोकं दुखायच्या आतच माणूस आडवा.

मग क्वालिटीची पट्टी. शंभरावरून ऐंशी, ऐंशीवरून साठ.
मशीन काय टाकून देतं? तर म्हणे, डोळ्याला कळत नाही ते.
कोणाच्या डोळ्याला, हे मदतीच्या पानावर नाही.

स्लाइड नऊ, लघवीच्या रंगांचा तक्ता.
पिवळ्याच्या आठ छटा, लिंबाच्या पाण्यापासून कोऱ्या चहापर्यंत.
साठवर सहावी आणि सातवी एक झाली.
सहावी म्हणजे काम थांबव, पाणी पी.
सातवी म्हणजे गाडी बोलवा.
चष्मा काढून पाहिलं, खुर्ची मागे ढकलून पाहिलं,
दोन्ही तीच. गढूळ, एकसारखी.
रात्री बायको विचारणार, आज काय केलंस?
मुताचा रंग जपला, असं सांगायचं?
ती एक स्लाइड नव्वदवर ठेवली.
चारशे ऐंशी केबी. काठावर.

स्लाइडच्या खाली एक रिकामी पट्टी असते, नोट्सची.
बोलणाऱ्यालाच दिसते. चित्रात येत नाही.
मी ती कधी वर ओढून पाहिली नव्हती.
सापळे देवरुखला परत गेले त्याला वर्ष झालं,
जाताना कीबोर्डसुद्धा पुसून गेले,
हे तेवढं राहिलं.

चारच्या खाली: इथे इंग्रजी बंद. हिंदीत बोलायचं, सावकाश.
नऊच्या खाली: हसतील. हसू दे. हसले की लक्षात राहतं.
चौदाच्या खाली
(वर सावलीतल्या बाकाचा फोटो, बाक रिकामा):
मागच्या रांगेत कोणी झोपला असेल तर उठवू नकोस,
रात्रपाळी करून आलेला असतो.
नरसय्याला मी उठवलं होतं.

एवढंच. पुढची नोट एकदम सतराला,
हेल्मेटच्या पट्ट्याविषयी.

नाव टाकून सगळा सर्व्हर धुंडाळला.
एकच ओळ सापडली, गेटच्या जुन्या यादीत.
नरसय्या, स्कॅफोल्डिंग, बावीस जुलै, गेटपास जमा.
शेऱ्याचा रकाना कोरा.
घरी गेला, दुसऱ्या कंपनीत गेला,
काहीही असू शकतं. गेटपास सगळ्यांचेच जमा होतात.
सापळ्यांचा नंबर आहे माझ्याकडे. लावला नाही.

बाकाच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात थोडी भिंत मोकळी होती.
तिथे हिंदीत लिहिलं, पीछे कोई सोया हो तो सोने दो.
साठवर अक्षरांभोवती चिलटं घोंघावल्यासारखे ठिपके आले,
पण वाचता येत होतं.
नऊ केबी वाढले.

गुरुवारी मेसमध्ये दहा दहा सेकंदांनी चित्रं सरकली.
डाळीचा वास, दोन पंखे, खमीस दाराशी घड्याळ बघत.
नऊला सगळे हसले.
चौदाला पहिल्या बाकावरच्या टेकबहादुरने ओठ हलवत वाचलं,
मान वळवून मागे पाहिलं,
आणि रिमोट उचलून टीव्हीचा आवाज कमी केला.

चित्रांना आवाज नसतो.
तरी केला.